रायल्स ट्यूब: एक नाव, दोन कामे

नाकातून जठरात उतरवायच्या नळीला राहुरीपासून परळपर्यंत महाराष्ट्रातील बहुतेक वॉर्डांत ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात. नळी अन्न देण्यासाठी असो की पोटातील द्रव काढण्यासाठी, नाव तेच. दोन्ही कामांच्या गरजा मात्र एकमेकींच्या उलट आहेत, आणि त्या हळूहळू वेगळ्या होत गेल्या.

1790 साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या रुग्णाला नळीने अन्न दिले. देवमाशाच्या लवचिक पट्टीवर ईल माशाचे कातडे चढवून ती केलेली होती. 1812 मध्ये फिलाडेल्फियात फिलिप फिजिक यांनी अफूच्या अर्काची विषबाधा झालेल्या जुळ्या बालकांचे पोट नळीने धुतले. 1921 मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे जॉन रायल यांनी जठररस तपासण्यासाठी टोकाला वजन असलेली बारीक रबरी नळी आणली. आज अन्न आणि निचरा या दोन्हींशी जोडलेले नाव असे मुळात तपासणीच्या नळीचे आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत ओवेन वँगेनस्टीन यांनी आतडे अडलेल्या रुग्णांचे पोट नळीने शोषून रिकामे ठेवण्याची पद्धत रूढ केली.

निचऱ्याला रुंद पोकळी लागते, कारण घट्ट द्रवाने बारीक नळी तुंबते. प्रौढांसाठी साधारण 14 ते 18 फ्रेंच मापाची नळी घेतात. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर बाह्य व्यास. सतत शोषणासाठी हवेची वेगळी वाट असलेली दुहेरी नळी बरी, कारण ती जठराच्या अस्तराला चिकटून बसत नाही. मुळा धरणाच्या पाण्यावर बागायती झालेल्या राहुरीसारख्या तालुक्यात कीटकनाशकांची विषबाधा हा नेहमीचा धोका. पोट धुवायचे ठरले, तर आणखी जाड नळी तोंडावाटे घालतात. रुग्ण बेशुद्ध असेल, तर त्याचा श्वासमार्ग आधी सुरक्षित करावा लागतो.

अन्नासाठी 8 ते 12 फ्रेंचची मऊ नळी नाकाला आणि घशाला कमी टोचते. पीव्हीसीची नळी काही दिवसांत कडक होते, म्हणून ती थोड्या मुदतीसाठीच; आठवडेच्या आठवडे अन्न द्यायचे असल्यास पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन घ्यावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 ते 2015 अशी 42 वर्षे सांभाळले. त्यांना वर्षानुवर्षे तोंडानेच अन्न भरवले जाई; नळी आली ती 2010 मध्ये, मलेरियाने खाणे घटल्यावर. तोंडाने घेता येते तोवर नळी नको, हा शुश्रूषेचा जुना नियम त्यातून दिसतो.

नळी कोणतीही असो, नाकाचे टोक, कानाची पाळी आणि छातीच्या हाडाचे खालचे टोक अशी लांबी मोजावी. नळीतून हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे हा पुरावा नव्हे. जठररसाचा पीएच 5.5 किंवा त्याहून कमी असावा; शंका असल्यास एक्स-रे काढावा. ही खात्री होईपर्यंत नळीतून पाण्याचा थेंबही सोडू नये.