मालवण बंदर ते भांडुपची टेकडी : चाकरमान्यांच्या वस्तीचा इतिहास

गणेशचतुर्थीला चार-सहा दिवस उरले की भांडुप पश्चिमेकडील कोकणनगर, टेंभीपाडा, प्रतापनगर या वस्त्यांमधील खोल्यांना कुलपे लागू लागतात. त्याच सुमारास मालवण, देवगड, कणकवली, कुडाळ या तालुक्यांतील वाड्यांमध्ये वर्षभर बंद असलेल्या घरांची दारे उघडतात, अंगण सारवले जाते, गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधली जाते. विसर्जन आटोपले की हा क्रम उलटा होतो. एकाच कुटुंबाची ही दोन घरे. त्यांतले खरे कोणते, हा प्रश्न आता केवळ भावनेचा राहिलेला नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पात्रता यादीत, गावच्या सातबाऱ्यावर आणि जनगणनेच्या नोंदीत त्याचे उत्तर द्यावे लागते. त्या उत्तरामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

पाचांमागे एक

कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेव येथे सुरू झाली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि त्यांना लागणारे मनुष्यबळ प्रामुख्याने कोकणाने पुरविले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. मालवण, देवगड, वेंगुर्ले हा किनारा इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर कुडाळचा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणना पाहिल्या तर मुंबईतील साधारणपणे पाच माणसांमागे एकाचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात झालेला आढळतो.

या स्थलांतराची कारणे जमिनीत होती. कातळाचे सडे, डोंगरउतार आणि भाताच्या अरुंद पट्ट्या एवढ्यावर वाढत्या कुटुंबाचे वर्षभराचे पोट भरत नसे. त्यातच अनेक गावांवर खोतीचा भार होता. पिकाचा वाटा खोताला दिल्यावर कुळाच्या हाती फारसे काही उरत नसे. खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ साली. तोवर दोन पिढ्यांनी मुंबईची वाट धरली होती. घरातील एक किंवा दोन पुरुष शहरात, आई-बायको-मुले गावात, आणि दोहोंना जोडणारी मनिऑर्डर अशी घडी बसली. गावाने या पुरुषांना ‘चाकरमानी’ हे नाव दिले. शेती, गुरे, देवाधर्माची कामे आणि म्हाताऱ्यांची सेवा स्त्रियांच्या वाट्याला आली. गिरणीतील पगार कमी असूनही तो पुरत असे, कारण कुटुंबाचा निम्मा खर्च गावातील स्त्रीच्या श्रमातून निघत असे. मुंबईच्या कापडउद्योगाच्या हिशेबात हा वाटा कोठेच मांडला गेलेला नाही.

गावाची खोली

चाकरमानी शहरात एकटा आला, पण एकाकी राहिला नाही. गिरणगावातील चाळींमध्ये एखाद्या गावाने किंवा वाडीने मिळून भाड्याने खोली घेतलेली असे. दहा बाय बाराच्या अशा खोलीत पंधरा-वीस माणसांच्या ट्रंका भिंतीला लागलेल्या असत. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकी. गावाहून नवा मुलगा आला की त्याची पहिली रात्र या खोलीत ठरलेली. नोकरी लावण्यासाठी जॉबरकडे शब्द टाकणे, आजाऱ्याला गावी पोचविणे, मयताचा खर्च उचलणे ही कामेही खोलीकडेच असत. गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला वा शाळेची इमारत बांधायची झाली की वर्गणीची वही येथूनच फिरे. मुंबईतील असंख्य ग्रामस्थ मंडळांचे मूळ या खोल्यांमध्ये आहे.

मात्र गावाची खोली म्हणजे गावातील सर्वांची खोली नव्हती. गावातील जातींच्या भिंती चाळीतही उभ्या होत्या. कोकणातून आलेल्या दलित कामगारांना गिरणीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून त्यांच्या हाताखालचे काम इतर कामगार नाकारीत. अधिक पगाराचे खाते त्यामुळे त्यांना बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. त्यापूर्वी चार वर्षे, १९२४ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसंबंधीची बैठक परळच्या दामोदर हॉलमध्ये झाली, हेही या इतिहासाशी जोडलेले आहे.

एकट्या राहणाऱ्या या पुरुषांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. त्यांपैकी बऱ्याच जणी स्वतः गिरणी कामगारांच्या पत्नी वा विधवा होत्या. सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी, या हेतूने प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. मालवणी जेवण पुढे उपाहारगृहांच्या पाट्यांवर झळकले. त्याआधी कित्येक दशके ते या खानावळींच्या ताटांत वाढले जात होते.

बोट, एसटी, रेल्वे

गाव आणि मुंबई यांमधील अंतर सुमारे पाचशे किलोमीटरचे. ते प्रदीर्घ काळ समुद्रानेच कापले गेले. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत मालवण, वेंगुर्ल्याकडे जाई. मालवणच्या बंदरात खडकांमुळे मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर समुद्रात उभी राही आणि उतारू पडावांतून धक्क्यावर येत. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा तातडीने जाणाऱ्याला कोल्हापूर गाठून घाट उतरावा लागे. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार मराठीला या प्रवासानेच दिला.

स्वातंत्र्यानंतर एसटीने रस्त्याचा पर्याय दिला आणि बोटीचे महत्त्व ओसरत गेले. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी लावून धरलेली कोकण रेल्वेची मागणी १९९० साली महामंडळ स्थापन झाल्यावर मार्गी लागली. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. रात्री मुंबईत गाडीत बसलेला माणूस सकाळी कणकवली वा कुडाळला उतरू लागला. रेल्वे आल्यावर लोक गावाकडे परततील, अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ये-जा सोपी झाली, वास्तव्य मात्र शहरातच राहिले.

संप आणि उपनगर

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही विरले. महिनोन्महिने पगार नसताना हजारो कामगार गावी जाऊन राहिले. भाताच्या त्या अरुंद पट्ट्यांनीच त्यांना जगविले.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मनोरे उभे राहिले. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. तोवर कामगारांची मुले उपनगरांत स्थिरावली होती.

उपनगराकडे जाण्याची ही वाट संपापूर्वीच पडलेली होती. भांडुप हे १८५३ साली सुरू झालेल्या बोरीबंदर-ठाणे लोहमार्गावरील गाव. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द भांडुपपर्यंत वाढली तेव्हा ते महापालिकेत आले. पूर्वीच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, भांडुप परिसरात सिएट, गेस्ट कीन विल्यम्स, एशियन पेंट्स असे कारखाने होते, तर शेजारच्या विक्रोळीत गोदरेजचा पसारा होता. गिरणीतील बापाच्या मुलाला येथे टायरच्या वा यंत्राच्या कारखान्यात काम मिळे. गिरणगावात खोलीची पगडी परवडत नसे. येथे टेकडीच्या उतारावर बैठी चाळ स्वस्तात मिळे.

म्हणून कोकणी कुटुंबांनी भांडुपची टेकडी चढली. एकाने खोली घेतली की त्याच्या शेजारी भाऊ, मग मेव्हणा, मग वाडीतला कोणी असा क्रम लागला. पुढे एका वस्तीचे नावच कोकणनगर पडले. गिरणगावातील खोली आणि भांडुपमधील खोली यांत एक मूलभूत फरक होता. पहिल्या खोलीत पुरुष राहत, दुसरीत कुटुंब राहू लागले. बायको मुंबईत आली, मुले पालिकेच्या शाळेत गेली आणि गावातील चुलीचा धूर थांबला.

टेकडीवरील जीवन सोपे नव्हते. मुंबईला पुरविल्या जाणाऱ्या पाण्याचे शुद्धीकरण भांडुपच्या संकुलात होते. परंतु वरच्या चाळींना पुरेशा दाबाच्या पाण्यासाठी दीर्घ काळ झगडावे लागले. राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगतच्या उतारांवर पावसाळ्यात दरडीची धास्ती असे. कोकणातून आलेल्यांना पाऊस नवा नव्हता. घरामागचा डोंगर घसरण्याची भीती मात्र नवी होती.

मालवणी रंगमंच, मालवणी बाजार

ही माणसे येताना आपली भाषा घेऊन आली होती. गिरणगावात दशावताराचे प्रयोग होत. चाकरमानी त्यांतून गावातील जत्रेची रात्र पुन्हा जगत. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. तोवर मालवणी बोली मराठी नाटकात नोकराच्या तोंडी विनोदापुरती येत असे. या नाटकाने तिला मध्यवर्ती स्थान दिले. हजारो प्रयोगांपर्यंत त्याला पोचविणाऱ्या प्रेक्षकांत चाकरमानी मोठ्या संख्येने होते.

आज भांडुपच्या बाजारात कुळथाचे पीठ, कोकम, मालवणी मसाला, खाजा सहज मिळतो. उपनगरांतून हिवाळ्यात मालवणी जत्रोत्सव भरतात. पण बोलीची स्थिती निराळी आहे. आजी मालवणीत बोलते, वडील तिला मालवणीत उत्तर देतात आणि नातू ते समजून प्रमाण मराठीत वा हिंदीत बोलतो. पदार्थ टिकले, बोली मागे पडत आहे.

आधाराच्या गावाची अट

या सबंध इतिहासात गाव हा चाकरमान्याचा अखेरचा आधार राहिला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा शहर सोडून गेलेल्या लाखोंमध्ये कोकणी कामगार मोठ्या संख्येने होते. १९८२ च्या संपात पुन्हा गावानेच सांभाळले. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत चाकरमानी तिसऱ्यांदा परतले. या वेळी मात्र अनेक गावांनी अट घातली. विलगीकरण किती दिवसांचे, राहायचे शाळेत की स्वतःच्या घरात, यावर वाद झाले. गणेशोत्सवासाठी किती दिवस आधी यावे, हा ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत चर्चेचा विषय झाला.

गावाची भीती खोटी नव्हती. वृद्धांची संख्या मोठी आणि रुग्णालयांची सोय अपुरी, अशा स्थितीत सावधगिरी योग्यच होती. तरीही आपल्याच घराच्या दाराशी परवानगी मागावी लागल्याची जखम अनेक कुटुंबांत राहिली. संपाच्या काळात परतलेला माणूस शेतात उतरून घरचाच होत असे. २०२० मध्ये परतलेल्यांपैकी अनेकांची शेती पडीक होती आणि गावातील तरुण पिढी त्यांना ओळखत नव्हती.

आकड्यांतील जिल्हा

जनगणनेचे आकडे हा बदल स्पष्टपणे दाखवितात. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ इतकी, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांनी कमी झाली. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही घटली, तर उपनगर जिल्ह्याची ८६ लाखांवरून ९३ लाखांवर आणि तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. चाकरमान्याचे गाव आणि त्याचे गिरणगाव ही दोन्ही टोके एकाच वेळी रिकामी होत होती. मधली उपनगरे भरत होती, आणि भांडुपची जागा न परवडणारी पुढची पिढी डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरारकडे सरकत होती.

सिंधुदुर्गात २००१ साली दर हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या, २०११ साली १०३६. पुरुष शहरात गेल्याने गावात स्त्रियांचे प्रमाण अधिक, ही कोकणाची जुनी खूण. ती पुसट होण्यामागे अनेक कारणे असली, तरी पूर्वी एकटा जाणारा पुरुष आता कुटुंबासह जातो, हे त्यांतील एक प्रमुख कारण मानावे लागेल.

दोरी अद्याप तुटलेली नाही. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीच्या कौलावरून ठरते. ती जाहीर होताच मुंबईत गाड्यांच्या आरक्षणासाठी धावपळ उडते. रवळनाथ, सातेरीच्या देवळांतील मान आजही घराण्यांकडे आहेत आणि ते बजावण्यासाठी भांडुपहून माणसे जातात. सातबाऱ्यावर मात्र पणजोबांच्या नावाखाली तीस-चाळीस वारसांची नावे चढली आहेत. वाटणी होत नाही, म्हणून घर दुरुस्त होत नाही. घर पडके, म्हणून कोणी राहात नाही. दुसरीकडे टेकडीवरील चाळींत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. तेथे पात्र ठरण्यासाठी ठराविक तारखेपूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे दाखवावे लागतात. गावावरचा हक्क वारशाने सांगता येतो, शहरातला कागदाने सिद्ध करावा लागतो. दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष पुरविणे तिसऱ्या पिढीला जड जाऊ लागले आहे.

२०२१ साली अपेक्षित असलेली जनगणना लांबली. ती २०२७ मध्ये घेण्याचे जाहीर झाले आहे. जनगणनेत माणूस जेथे राहतो तेथे मोजला जातो, त्यामुळे भांडुपचा चाकरमानी भांडुपमध्येच मोजला जाईल. मालवणातील त्याच्या घरापुढे प्रगणक उभा राहील तेव्हा शेजारचा कोणीतरी सांगेल, की ही माणसे मुंबईला असतात, चतुर्थीला येतात.