दंडाच्या रजिस्टरातली एक ओळ

बाबा गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी उघडायला मला वर्ष लागले. आत त्यांचे ड्रायव्हिंग लायसनचे जुने पुस्तक होते आणि पुस्तकात चार घड्या घातलेली एक पावती. साल १९९६, रक्कम तीन हजार रुपये, आणि कोपऱ्यात निळ्या शाईने 'एस.सी.सी.' अशी अक्षरे व पुढे क्रमांक.

बाबा डोणगावच्या एका मालकाचा ट्रक चालवत. नागपूरहून मालेगाव, डोणगाव, मेहकर करत औरंगाबादकडे जाणारा जुना रस्ता हेच त्यांचे आयुष्य. एकदा तुरीची पोती जास्त भरली होती, वजनकाट्यावर गाडी धरली आणि पुढच्या एका तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहिला, इतके घरात माहीत होते. तीन हजार म्हणजे तेव्हाची त्यांची दोन महिन्यांची कमाई. मालकाने ते भरले आणि पगारातून कापले. आई म्हणायची, "माल त्याचा, गाडी त्याची, अन् गुन्हा यांनी कबूल केला." बाबा चिडायचे. "म्या काही कबूल नाही केलं. साहेबानं इचारलं, म्या मान हालवली."

कागद काय सांगतो, हे मला पाहायचे होते.

'एस.सी.सी.' म्हणजे समरी क्रिमिनल केस, संक्षिप्त फौजदारी खटला. किरकोळ गुन्ह्यांत साक्षीपुराव्यांचा पसारा न मांडता झटपट निकाल देण्याची ही पद्धत १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १९७३च्या संहितेत राहिली आणि १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अशा खटल्यात दंडाधिकाऱ्याने काय नोंदवायचे, ते १९७३च्या संहितेचे कलम २६३ सांगते: अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव, बापाचे नाव व राहण्याचे ठिकाण, गुन्हा कोणता, आरोपीचे म्हणणे, निष्कर्ष, शिक्षा आणि खटला संपल्याची तारीख. आरोपीने गुन्हा कबूल केला, तर हे सगळे एका आडव्या ओळीत बसते. सामान्य माणसाची कोर्टाशी गाठ पडते ती बहुधा अशाच खटल्यात, आणि त्या गाठीची खूण म्हणजे ही एवढीच ओळ.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. रस्त्यावर अधिकृत अधिकाऱ्याकडे तडजोडशुल्क भरले, तर मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २००प्रमाणे पुढे कारवाई होत नाही; प्रकरण कोर्टाची पायरी चढतच नाही. कोर्टात दंड भरला, तर ती शिक्षा असते. लोक दोन्हींना 'पावती फाडली' असेच म्हणतात, पण शोधणाऱ्याला दोन वेगळ्या दारांवर जावे लागते. पहिल्याची नोंद पोलीस किंवा परिवहन खात्याकडे, दुसऱ्याची कोर्टाकडे. बाबांच्या पावतीवर खटल्याचा क्रमांक होता, म्हणजे माझे दार ठरले होते.

खटला १९९६चा, म्हणून वाट त्यातल्या त्यात सोपी. आजोबांच्या बैलगाडीचा दंड शोधायचा असता, तर आधी राज्य कोणाचे होते इथून सुरुवात करावी लागली असती. वऱ्हाड १८५३च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात आला, तरी कागदोपत्री मुलूख निजामाचाच राहिला. १९०३मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी वेगळे आदेश निघत, आणि पुढे १९४१मध्ये 'बेरार लॉज ॲक्ट' करून अनेक कायदे एकदम इथे आणावे लागले. त्या काळी तहसीलदारालाही दंडाधिकाऱ्याचे अधिकार असत, म्हणून किरकोळ दंडाचा कागद कोर्टाऐवजी तहसिलीच्या दप्तरात गेलेला असू शकतो. वरचे न्यायालय १९३६पासून नागपूरचे उच्च न्यायालय. १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. डोणगाव जागचे हलले नाही, त्याच्या कागदांचे धनी मात्र बदलत गेले.

मी कोर्टात गेलो तेव्हा तिथल्या लिपिकाने पावती उजेडाकडे धरून पाहिली. "भाऊ, एस.सी.सी.चा कागद इतकी वर्षं राहात नाही. नष्ट झाला असंल." त्याचे खोटे नव्हते. कोर्टाचे कागद कायमचे ठेवायचे नसतात. १९१७चा 'डिस्ट्रक्शन ऑफ रेकॉर्ड्स ॲक्ट' उच्च न्यायालयांना त्याबाबत नियम करण्याचा अधिकार देतो. त्या नियमांप्रमाणे कागदांची वर्गवारी होते आणि मुदत संपली की ते नष्ट केले जातात. जमिनीचा दावा टिकतो, खुनाचा खटला टिकतो. दंडाची पावती आधी जाते. इतिहास लिहिणाऱ्याला इथे थांबून विचार करावा लागतो. जे प्रसंग सर्वांत जास्त माणसांच्या वाट्याला आले, त्यांचेच कागद सर्वांत कमी उरतात.

मी तरी नकलेचा अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, आरोपीचा मुलगा असल्याचे लिहिले आणि मृत्यूचा दाखला जोडला. खटल्याचे कागद नाहीत, असेच उत्तर आले. पण रेकॉर्ड रूममधल्या एका गठ्ठ्यात त्या वर्षाचे रजिस्टर वाळवीतून वाचले होते. तिसऱ्या खेपेला लिपिकाने ते समोर ठेवले. पानाच्या मध्यावर बाबांचे नाव, आजोबांचे नाव, 'रा. डोणगाव'. गुन्ह्याच्या रकान्यात कलम ११३ व १९४. आरोपीच्या म्हणण्याच्या रकान्यात दोन शब्द: गुन्हा कबूल. पुढे दंड तीन हजार.

हिशोब बरोबर होता. १९९४च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला किमान दोन हजार आणि वरच्या दर टनाला एक हजार, असा दंड होता. म्हणजे एक टन. पण मला अडले ते दुसरीकडे. त्याच कलम ११३चे चौथे पोटकलम म्हणते की, चालक मालक नसेल, तर गुन्हा मालकाला ठाऊक असताना किंवा त्याच्या हुकुमाने झाला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. कायद्याला आईचे म्हणणे माहीत होते. रजिस्टरात मात्र मालकासाठी रकाना नव्हता. समोर उभा राहिलेला माणूस तेवढा ओळीत आला. माल भरायला सांगणारा आलाच नाही. आणि हललेली मान लिहिताना 'कबूल' झाली. बाबाही खरे होते, रजिस्टरही.

आता ती ओळ उलटी झाली आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६अ आले. कॅमेऱ्यांनी रस्त्यावर नजर ठेवायची तरतूद झाली, आणि तिचे नियम ऑगस्ट २०२१मध्ये निघाले. त्याआधीच, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी, तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपुरात 'न्याय कौशल' केंद्र सुरू झाले. त्याच वेळी वाहतूक चलानांसाठी काटोलला आभासी न्यायालयही. चलान संगणकावरून न्यायाधीशांकडे जाते, दंडाचा संदेश मोबाईलवर येतो. भरला तर गुन्हा कबूल, खटला संपला. नाकारला तर प्रकरण नेहमीच्या कोर्टात. कल्पना वाटते तितकी नवी नाही. पत्राने गुन्हा कबूल करून पैसे पाठवायची सोय १९३९च्या मोटार कायद्यातही होती आणि १९८८च्या कलम २०८मध्ये आहे.

नवे आहे ते नोंदीचे तोंड. कॅमेऱ्याला माणूस ओळखू येत नाही, नंबर येतो. चलान गाडीच्या नावावर पडते आणि नोंदणीकृत मालकाच्या दारात येते. गाडी कोण चालवत होता, ही माहिती मालकाकडे मागायची तरतूद कलम १३३मध्ये आहे, पण कागदाची सुरुवात मालकापासून होते. बाबांच्या ओळीत मालक हरवला होता. आजच्या ओळीत चालक हरवतो. बापाचे नाव आणि गाव तर कुठेच येत नाही. उद्या कोणी डोणगावच्या ड्रायव्हरांचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला गाड्या सापडतील.

हे मी कोरडेपणाने लिहीत नाही. रजिस्टर पाहून परतलो त्याच महिन्यात मला संदेश आला. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या माझ्या मोटरसायकलवर हेल्मेट नसल्याचे पाचशेचे चलान होते. घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेतली नव्हती, आणि मीही पाठपुरावा केला नव्हता. फोटोत पाठमोरा कोणी अनोळखी मुलगा, नंबर माझा. नाकारायचे तर कोर्टाची तारीख, एका दिवसाची रजा, विक्रीचा कागद शोधणे. समोर दोन पर्याय होते आणि मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो.

मग पैसे भरले. पडद्यावर पावती उमटली, खटला निकाली निघाल्याची. ती छापून घेतली, चार घड्या घातल्या आणि बाबांच्या लायसनच्या पुस्तकात, त्यांच्या पावतीशेजारी ठेवली.