श्वास मोजण्याची कुळकथा

बालरोग विभागात पोस्टिंगला आलेल्या विद्यार्थ्याची केस-शीट उघडावी आणि श्वसनाच्या दराचा रकाना बघावा. सहा महिन्यांच्या बाळापुढे 22 लिहिलेलं असतं आणि चार वर्षांच्या पोरीपुढेही 22. सहा महिन्यांचं बाळ खरोखर मिनिटाला 22 श्वास घेत असेल, तर राउंड सोडून आधी त्याच्याकडे धावायला हवं. पण तसं काही नसतं. तो आकडा कोणी मोजलेलाच नसतो. मोठ्यांच्या वॉर्डातून सवयीने सोबत आलेला असतो.

मग सांगावं लागतं की स्टेथोस्कोप खिशात घाल, घड्याळ काढ, बाळ आईच्या मांडीवर शांत बसलंय तोवर त्याचं झबलं वर कर आणि पूर्ण एक मिनिट मोज. विद्यार्थ्यांचे चेहरे जरा पडतात. मोजणं हे त्यांना परिचारिकेचं काम वाटतं. डॉक्टरने म्हणजे कानाला नळ्या लावून काहीतरी गूढ ऐकायचं. या गैरसमजाचं मूळ जुनं आहे आणि त्यावरचा उतारा सापडला तो मोठ्या इस्पितळांपासून फार दूर.

मिनिटाचा हिशेब वैद्यकात आणला इंग्लंडमधल्या लिचफिल्डच्या सर जॉन फ्लॉयर यांनी. गृहस्थ स्वतः दमेकरी, दम्यावर ग्रंथ लिहिलेले. 1707 मध्ये त्यांनी नाडी मोजण्याच्या घड्याळावर पुस्तक काढलं. घड्याळ खास बनवून घेतलेलं, एक मिनिट चालून थांबणारं. तेव्हाच्या खिशातल्या घड्याळांना सेकंदकाटा नसे. त्यामुळे नाडी ‘जलद’ की ‘मंद’ हे वैद्याच्या बोटांवर सोडलेलं होतं. फ्लॉयर यांनी बोटांना आकड्याची साथ दिली. पण त्यांचा सारा भर नाडीवर.

मुलांच्या श्वासाला आकडा मिळायला आणखी शंभरावर वर्षं गेली. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांना माणसाचं सगळंच मोजायचा नाद होता: उंची, वजन, गुन्हे, लग्नं. 1835 च्या ग्रंथात त्यांनी वयानुसार श्वासांचेही आकडे दिले. नवजात बाळाचे मिनिटाला सरासरी 44, पाच वर्षांच्या मुलाचे 26, त्यापुढे उतरत जाणारे. बालरोगाचा पाया म्हणावा अशी गोष्ट त्या कोष्टकात होती: मुलाला ‘नॉर्मल’ असा एकच आकडा नसतो, आधी वय विचारावं लागतं. केटले डॉक्टर नव्हते, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

डॉक्टरांना ही रीत शिकवली लंडनच्या चार्ल्स वेस्ट यांनी. 1852 मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर दहा खाटांचं मुलांचं रुग्णालय सुरू करणारे हेच. त्याआधी 1848 मध्ये बालरोगांवरची त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली होती. मुलावर एकदम झडप घालू नका, झोपलं असेल तर उठवू नका, लांबून चेहरा बघा, श्वास मोजा, हात मग लावा. असा त्यांच्या शिकवणीचा रोख. आजही बालरोगाची तपासणी याच उलट्या क्रमाने चालते. मोठ्यांना डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. मुलाचा घसा आणि कान शेवटी, कारण एकदा का मूल रडलं की छातीचं काही ऐकू येत नाही आणि मोजलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

पण तोवर पॅरिसच्या लाएनेक यांचा स्टेथोस्कोप बाजी मारून गेला होता. 1816 मध्ये कागदाच्या सुरळीपासून सुरू झालेलं ते यंत्र 1819 च्या त्यांच्या ग्रंथाने युरोपभर गेलं. 1895 नंतर क्ष-किरण आले. छातीच्या आत बघता येत असताना बाहेरून पोट किती वेळा हलतं हे कोण मोजणार? श्वासाचा आकडा ताप-नाडीच्या तक्त्यावर जाऊन बसला, परिचारिकेकडे. डॉक्टरी शिक्षणात त्याला मानाचं पान उरलं नाही.

ते परत मिळालं पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका गावच्या इस्पितळात. 1980 च्या आसपास जगात पाच वर्षांखालची सुमारे 40 लाख मुलं दरवर्षी श्वसनाच्या तीव्र आजारांनी दगावतात असा अंदाज होता. त्यातली बहुतेक अशा जागी, जिथे एक्स-रे सोडाच, डॉक्टरही नाही. गोरोकात डॉ. फ्रँक शॅन यांनी साधाच प्रश्न विचारला: खोकणाऱ्या शंभर मुलांमधून अँटिबायोटिकची गरज असलेलं मूल आरोग्य कर्मचाऱ्याने ओळखायचं कशावरून? ताप उपयोगी नाही, तो साध्या सर्दीलाही येतो. छातीतली बारीक चरचर ऐकायला सराव लागतो आणि सराव असलेल्या दोन डॉक्टरांचंही तीवर एकमत होईलच असं नाही. 1984 मध्ये त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात उत्तर छापलं. खोकला आहे आणि श्वास मिनिटाला 50 च्या वर, तर औषध द्या. छातीची खालची बाजू श्वासागणिक आत ओढली जात असेल, तर दवाखान्यात भरती करा.

पुढे आपल्या वेल्लोरहून 1988 मध्ये दुरुस्ती आली. तान्ह्याला 50 ठीक, पण वर्षावरच्या मुलाला 40 लावलं पाहिजे, नाहीतर आजारी मुलं निसटतात. केटलेच्या कोष्टकाचाच हा वारसा. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेले आकडे आज जगभर पाठ केले जातात: दोन महिन्यांखाली 60, दोन महिने ते वर्षापर्यंत 50, वर्ष ते पाच वर्षं 40. तितके किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास.

यामागचं कारण विद्यार्थ्याला सांगितलं की आकडे डोक्यात पक्के बसतात. न्यूमोनियात फुप्फुसाचा काही भाग स्रावाने भरतो, ताठर होतो. मोठा माणूस खोल श्वास घेऊन काही काळ निभावून नेतो. बाळाच्या बरगड्या मऊ आणि जवळपास आडव्या. छाती फुगवायला वावच कमी, म्हणून त्याच्याकडे एकच उपाय उरतो, भराभर श्वास घेणं. तेही पुरेनासं झालं की मऊ छाती आत ओढली जाते. पायऱ्या या क्रमाने येतात आणि पहिली पायरी घड्याळाने पकडता येते.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत तिथे गावागावांत काम सुरू केलं, तेव्हा बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. गावकऱ्यांना आजार माहीत होता. बाळाला डबा झाला, पोट उडतंय, असं आया सांगत. तो बरा करणारं औषध गावात नव्हतं. बंग दांपत्याने आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर गावच्या दायांनाही श्वास मोजून को-ट्रायमोक्सॅझोल द्यायला शिकवलं. पण अडचण अशी की दायांना अक्षरओळख नाही आणि बऱ्याच जणींची मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नाही. 50 पर्यंत मोजायचं कसं?

त्यावर त्यांनी एक लाकडी साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. वाळू उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या ओळीत पाच हिरव्या मण्यांनंतर लाल, मोठ्या मुलाच्या ओळीत चार हिरव्यांनंतर लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया. दाईला 60 हा आकडा माहीत असायची गरज नाही. फ्लॉयरच्या घड्याळाला याहून चांगला वंशज मिळाला नसता, असं माझं मत आहे.

‘लॅन्सेट’मध्ये 1990 साली निकाल छापून आले. उपचार सुरू केलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजार मुलांमागे 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. म्हणजे निम्म्याहून कमी. निदान करणाऱ्यांत निरक्षर बाया होत्या, हे वाचून त्या काळी अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असणार. आमच्या व्यवसायात ज्ञान कॉलेजातून खेड्यात जातं असं मानायची रीत आहे. श्वास मोजण्याची रीत मात्र गोरोका आणि गडचिरोलीसारख्या ठिकाणी तावून सुलाखून निघाली आणि मग नवजात व बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या नावाने एमबीबीएसच्या वर्गात आली.

तिची मर्यादाही सांगायला हवी. जलद श्वास म्हणजे न्यूमोनियाच, असं नाही. दम्याचं पोर, विषाणूने लहान श्वासनलिका सुजलेलं तान्हं, नुसतं तापलेलं मूल, यांचेही श्वास वाढतात आणि अँटिबायोटिक उगाच दिलं जातं. 2017 मध्ये ‘जामा’त आलेल्या एका आढाव्यात तर जलद श्वासापेक्षा रक्तातला कमी ऑक्सिजन आणि श्वासासाठीची धडपड ही लक्षणं निदानाला जास्त उपयोगी ठरली. म्हणून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हाताशी असेल तर वापरावाच. पण ज्याला श्वास मोजता येत नाही, त्याला श्वासाची धडपडही दिसत नाही, हे वॉर्डात रोज बघायला मिळतं. मिनिटभर पोटाकडे टक लावून बसलेल्या विद्यार्थ्यालाच आत ओढली जाणारी छाती, फुललेल्या नाकपुड्या, कण्हण्याचा बारीक आवाज आपसूक सापडतो.

मोजायचं पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्याचा एक श्वास चुकला तर हिशेबात चार चुकतात. शिवाय तान्ह्याचा श्वास एका लयीत नसतो. भराभर घेतं, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू करतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे. बाळ दूध पीत असेल तर संपेपर्यंत थांबायचं, रडत असेल तर आईला आधी शांत करू द्यायचं.

परीक्षकांना एक विनंती. बालरोगाच्या प्रात्यक्षिकात लाँग केस घेताना विद्यार्थ्याने श्वासांचा आकडा सांगितला, की पुढच्या प्रश्नाकडे वळू नका. त्याच्यासमोर घड्याळ ठेवा, स्वतः शेजारी उभे राहून बाळाचे श्वास मोजा आणि दोन्ही आकडे ताडून गुण द्या. एका विद्यार्थ्यामागे एक मिनिट जाईल.