मिश्र एकवारिकांचे कलम : प्रारण-रसायनातील एक प्रकरण

पॉलिएथिलीनच्या पटलाचे जे गुण तेच त्याचे दोष होत. ते पाण्याला व अम्लाला दाद देत नाही. म्हणूनच शाई, रंग वा विद्युत् घटातील आयन यांनाही ते थारा देत नाही. पटल न मोडता त्याच्या शृंखलांवर दुसऱ्या द्रव्याचे कलम बांधण्याची कल्पना प्रारण-रसायनातून पुढे आली. माल्कम डोल यांनी १९४८ साली पॉलिएथिलीन अणुभट्टीत ठेवून पाहिले. हार्वेलच्या आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ साली प्रारणामुळे शृंखलांत आडबंध पडतात हे सविस्तर मांडले. ज्या मुक्त मूलकांमुळे हे आडबंध पडतात, त्यांच्यापाशी एकवारिक पोचविले तर तेथून नवी शाखा फुटते. पॅरिसमध्ये आदोल्फ शापिरो यांनी त्याच दशकात या मार्गाचा पद्धतशीर अभ्यास केला.

दोन एकवारिके एकत्र घेतली म्हणजे मात्र प्रश्न पालटतो. मेयो व लुईस यांनी १९४४ साली दिलेले सहबहुवारिकाच्या घटनेचे समीकरण एकजीव मिश्रणासाठी होते. पटलातील विक्रिया आत होते, आणि तेथे एकवारिके शोषण व विसरण यांनी पोचतात. स्टायरीन पॉलिएथिलीनमध्ये सहज मुरते. अॅक्रिलिक अम्ल जेमतेम शिरते. पात्रात दोन्ही समभाग असली तरी पटलात ती समभाग नसतात. शिवाय अम्लाचे कलम वाढू लागले की पटलाचा स्वभावच बदलतो व अम्लाला वाट मोकळी होते. मग समीकरणात प्रमाण कोणते घालावयाचे? पात्रातील प्रमाण घालून काढलेले विक्रियाशीलता-गुणोत्तर मूलकांपेक्षा पटलाच्या शोषणाविषयीच अधिक सांगते, असे माझे मत आहे. (अम्ल बाहेरच्या द्रावणातच बहुवारिक होऊन बसते ती अडचण निराळी, तिच्यावर फेरस अमोनियम सल्फेटाचा उतारा चालतो.)

मिश्रणाचा लाभही मोठा. मॅलेइक अॅनहायड्राइड एकटे सहसा बहुवारिक होत नाही. स्टायरीनच्या सोबतीने ते एकाआड एक जागा घेत शृंखलेत येते.

याच तत्त्वाचा मोठा प्रयोग पटलाऐवजी न विणलेल्या तंतु-कापडावर जपानमध्ये झाला. अॅक्रिलोनायट्राइल व मेथाक्रिलिक अम्ल यांचे एकत्र कलम करून नायट्राइल गटांचे अमिडॉक्झिम केले. युरेनियम धरावयाचे ते अमिडॉक्झिमने. अम्लाचे काम पाणी आत आणण्याचे. समुद्राच्या एक टन पाण्यात युरेनियम सुमारे ३ मिलिग्रॅमच असते. १९९९ ते २००१ या काळात सुमारे ३५० किलोग्रॅम कापड एकूण २४० दिवस समुद्रात बुडवून ठेवले, तेव्हा पिवळ्या ऑक्साइडच्या हिशेबाने १ किलोग्रॅमहून अधिक युरेनियम हाती आले.