गोदामातून ताटात

मुंबईत सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम आले ते गिरणगावाच्या बाजूला. महापालिकेने १९२५ मध्ये एफ आणि जी या दोन वॉर्डांत सक्ती लागू केली. परळ, नायगाव, दादर, वरळी ही वस्ती त्यातच मोडत होती. पोर शाळेत धाडणे चाळीतल्या आईबापांना बंधनकारक झाले. ते पोर तिथे काय खाणार, याबद्दल कायदा गप्प होता. मद्रास महापालिकेने मात्र थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत १९२० मध्येच मुलांना खाणे देऊन पाहिले होते.

मुंबईचे नाव शाळेतल्या खाण्याच्या इतिहासात येते ते पुढे, आणि तेही एका फसव्या वाक्यात. १९४२ मध्ये मुंबईत युनिसेफच्या मदतीने ६ ते १३ वर्षांच्या मुलांना सायीविना दुधाची भुकटी वाटली गेली, असे हे वाक्य एका अहवालातून दुसऱ्यात उतरत आले आहे. युनिसेफची स्थापना डिसेंबर १९४६ ची. म्हणजे साल तरी चुकले आहे किंवा देणारा तरी.

भुकटीची कथा मात्र खोटी नाही. महायुद्धानंतर अमेरिकेत तिचे साठे पडून होते आणि युनिसेफ ते देशोदेशीच्या मुलांपर्यंत पोहोचवत होती. मुंबईत दुग्धव्यवसायतज्ज्ञ दारा खुरोडींनी म्हशीच्या दाट दुधात अशीच भुकटी आणि पाणी मिसळून ते वाढवले, स्वस्त केले. टोन्ड दूध ते हेच. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. या प्रकल्पाला पोषणाविषयी सल्ला देणाऱ्यांत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या कमला सोहोनी होत्या. त्यांचे स्वतःचे संशोधन उलट्या टोकाने निघाले होते. नीरा, ताडगूळ, डाळी अशा गरिबाला परवडणाऱ्या पदार्थांत काय पोषण आहे ते तपासायचे, मग कुपोषित मुलांना त्याचा उपयोग होतो का ते पाहायचे. सरकारी योजनांनी ही वाट क्वचितच धरली. कोणाकडे काय उरले आहे, हाच त्यांचा पहिला प्रश्न राहिला.

१५ ऑगस्ट १९९५ ला शाळकरी मुलांच्या पोषणासाठी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा शिलकीत भुकटीऐवजी धान्य होते. महाराष्ट्रात ८० टक्के हजेरी लावणाऱ्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळे. पिशवी घरी जाई आणि तो भात घरच्या सगळ्यांत वाटला जाई. २००१ मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामांत सुमारे ६ कोटी टन धान्य साठले असताना राजस्थानात लोक उपाशी होते. त्यावर नागरी हक्कांसाठी लढणारी पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले जेवण हा मुलाचा हक्क ठरला: किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाचे किमान २०० दिवस. पुढे पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० व २० असे प्रमाण ठरले. मुलाच्या शरीराचा हिशेब हुकमात आला तो असा, न्यायालयाच्या रेट्याने.

गावच्या शाळेत आवारातच चूल पेटली. मुंबईत दोन सत्रांत भरणाऱ्या इमारतींमध्ये तेवढी जागा कुठली? म्हणून खिचडी बाहेर शिजून टेम्पोने येऊ लागली, कधी महिला बचत गटांकडून, कधी मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरांतून. गिरणगावाला ही रीत नवी नव्हती. गिरणी कामगारांच्या खाणावळी बायकाच आपापल्या खोलीत चालवत. कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशा १४ जणींना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. रांधण्याच्या कष्टाला बाजारात मोल आहे, हे त्यांनी बँकेकडून मान्य करून घेतले. सरकारने मात्र १ डिसेंबर २००९ पासून शाळेत स्वयंपाक करणारीला महिना १००० रुपये दिले आणि त्याला पगार न म्हणता मानधन म्हटले.

बिहारमधल्या गंडामन गावात जुलै २०१३ मध्ये शाळेतले कीटकनाशक मिसळलेले जेवण खाऊन २३ मुले दगावली. तेव्हापासून वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेण्याच्या नियमावर सगळीकडे भर दिला जाऊ लागला. चवीतून विषबाधा कदाचित टळते. त्या घासात प्रथिने किती, हे मात्र जिभेला कळत नाही.

प्रथिनांचा प्रश्न नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने सोप्या रीतीने सोडवला होता: आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे. जून २०२४ मध्ये मटकीची उसळ, नाचणीसत्व, खीर, अंडा पुलाव अशी १५ पदार्थांची यादीही निघाली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा आणि साखरेचा निधी थांबला. हे पदार्थ हवे असतील तर शाळा व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले.

नेमके अंडेच का गेले? तांदूळ केंद्राच्या कोठारातून येतो, तो यादीत टिकतो. अंडे कोणाकडे उरत नाही. ते दर आठवड्याला रोख मोजून विकत घ्यावे लागते, म्हणून काटकसरीची कात्री आधी त्याच्यावर चालते. महापालिका शाळेतल्या मुलांचे आईबाप लोकवर्गणीने ही उणीव भरून काढू शकत नाहीत. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका मनात आणेल तर काढू शकते, आणि आठवड्याचे एक अंडे परवडत नाही असे सांगायची सोय तिच्याकडे नाही.