चळतीवर चालणारे कल्पित यंत्र : बाइटकोडचा इतिहास आणि मुंबईचा दुवा

प्रस्तावना

मुंबईच्या अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील महाविद्यालयांत 2000 नंतरच्या दशकात माहिती तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम झपाट्याने रुजले. त्या वर्गांत जावा ही भाषा शिकविताना 'बाइटकोड' हा शब्द हमखास येतो. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही संगणकावर चालावी म्हणून 1995 मध्ये पुढे आलेली नवी योजना, अशी त्याची ओळख करून दिली जाते. इतिहासाच्या दृष्टीने ही ओळख अपुरी आहे. प्रस्तुत लेखात बाइटकोडचे कार्य कसे चालते हे स्पष्ट करून या कल्पनेचा 1995 पूर्वीचा प्रवास आणि त्याच्याशी असलेला मुंबईचा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

एक शहर, अनेक यंत्रे

प्रत्येक बनावटीचा संगणक स्वतःचीच आज्ञाभाषा जाणतो. एका यंत्रासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्राला निरुपयोगी ठरते. मुंबईने ही अडचण जवळून अनुभवली आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतः बांधलेला संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला व 1962 मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. 1964 मध्ये त्याच संस्थेत अमेरिकी बनावटीचा सीडीसी 3600 आला. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मिन्स्क-2 आणि पुढे इसी-1030 ही यंत्रे होती. 1968 मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे ब्रिटिश बनावटीचा आयसीएल 1903 होता. 1974 च्या सुमारास तेथे अमेरिकी बरोज बी-1728 दाखल झाला. एकाच शहरात चार देशांची यंत्रे आणि तितक्याच परस्परांना अनोळखी भाषा, अशी ही स्थिती होती. परकीय चलनाचा तुटवडा व आयात परवान्यांची बंधने असल्याने यंत्र निवडण्याचे स्वातंत्र्यही फारसे नव्हते. मिळेल त्या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने आज्ञावली यंत्रापासून मुक्त होणे ही निकडीची गरज होती.

चळतीचे कार्य

या गरजेवरील एक उत्तर म्हणजे कल्पित यंत्र. कंपायलरने आज्ञावलीचे भाषांतर प्रत्यक्ष संगणकाच्या भाषेत न करता, केवळ कागदावर अस्तित्वात असलेल्या एका यंत्राच्या भाषेत करावयाचे. प्रत्येक संगणकावर त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारी एक छोटी आज्ञावली ठेवली, की काम भागते. तिला दुभाषी म्हणता येईल.

हे कल्पित यंत्र बहुधा 'स्टॅक'वर, म्हणजे चळतीवर चालते. स्वयंपाकघरातील ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलले जाते; येथेही तोच नियम आहे. 12 रुपये दराच्या 4 वह्या आणि 5 रुपये वाहनखर्च यांची बेरीज करावयाची आहे, असे समजू. दर, नग व एकूण रक्कम यांच्यासाठी अनुक्रमे 1, 2 व 3 क्रमांकांचे कप्पे आहेत. जावाच्या बाइटकोडमध्ये हे काम सहा आज्ञांत होते. 'आयलोड_1' ही आज्ञा 12 चळतीवर ठेवते. 'आयलोड_2' त्यावर 4 ठेवते. 'आयमल' हे दोन्ही अंक उचलून 48 हा गुणाकार परत ठेवते. 'आयकॉन्स्ट_5' त्यावर 5 ठेवते. 'आयअ‍ॅड' दोन्ही उचलून 53 ठेवते. अखेरीस 'आयस्टोअर_3' ते उत्तर उचलून तिसऱ्या कप्प्यात टाकते व चळत रिकामी होते. यातील प्रत्येक आज्ञा एका बाइटची असून षोडशमान पद्धतीत त्या 1बी, 1सी, 68, 08, 60, 3ई अशा लिहिल्या जातात. संपूर्ण हिशेब सहा बाइटांत मावतो. दुभाषी एकेक बाइट वाचतो, त्यानुसार कृती करतो आणि पुढच्या बाइटकडे वळतो.

गुणाकार कशाकशाचा करावयाचा, हे 'आयमल'ला सांगावे लागत नाही, ही बाब लक्षणीय आहे. वरचे दोन अंक घ्यावयाचे, हे ठरलेलेच असते. प्रत्यक्ष संगणकांत अंक धरून ठेवणाऱ्या 'रजिस्टर'ची संख्या बनावटीनुसार बदलते. चळतीला रजिस्टरची नावेच नको असल्याने आज्ञा आखूड होतात, कंपायलर सोपा होतो आणि कोणत्याही संगणकावर नक्कल करणे शक्य होते. याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते, कारण दुभाष्याचा वेळ मध्ये खर्ची पडतो. आधी अंक व नंतर क्रिया हा क्रम मराठी भाषकाला परका वाटू नये; आपल्या वाक्यातही क्रियापद सामान्यतः शेवटीच येते.

पी-कोड आणि मुंबई

ही पद्धत व्यापक प्रमाणात रूढ झाली ती पास्कल भाषेमुळे. निक्लाउस विर्थ यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेला जगभरातून मागणी येऊ लागली. परंतु प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र कंपायलर लिहिणे झुरिचमधील त्यांच्या गटाला शक्य नव्हते. त्यातून पास्कल-पी हा संच निर्माण झाला. त्यात पास्कलमध्येच लिहिलेला कंपायलर, त्याचे चळतयंत्राच्या भाषेतील म्हणजे पी-कोडमधील रूप आणि दुभाष्याचा नमुना दिलेला होता. घेणाऱ्याने आपल्या यंत्रावर केवळ दुभाषी लिहावयाचा.

1974 मध्ये झुरिचहून प्रसिद्ध झालेल्या या कंपायलरच्या अंमलबजावणी-टिपणांवर पहिले नाव आहे ते केशव नोरी या भारतीय संगणकशास्त्रज्ञाचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या नोरी यांनी पुढे पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात दीर्घकाळ संशोधन केले. पी-कोडमधील 'एलओडी', 'एमपीआय', 'एडीआय', 'एसटीआर' या आज्ञा वरील उदाहरणातील जावाच्या आज्ञांशेजारी ठेवल्या, तर नाते सहज दिसते. पास्कल-पीच्याच आधारे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांच्या गटाने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात छोट्या संगणकांवर पास्कल आणले. जावाचे जनक जेम्स गॉस्लिंग यांनीही पी-कोडच्या परंपरेचे ऋण मान्य केले आहे.

अंधेरीचा संदर्भ

चळतीची कल्पना पी-कोडहूनही जुनी आहे. बरोज कंपनीने 1961 मध्ये जाहीर केलेल्या बी-5000 या संगणकात चळत ही प्रत्यक्ष यंत्ररचनेचाच भाग होती. 1972 मध्ये आलेल्या बी-1700 मालिकेत तर प्रत्येक भाषेसाठी वेगळा कल्पित आज्ञासंच व त्याचा वेगळा दुभाषी असे. टाटा कन्सल्टन्सीकडे आलेला बी-1728 याच मालिकेतील होता. 1973 मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात टाटा बरोज ही कंपनी तेथे काम करू लागली. उपनगरातील सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभीच्या टप्प्यावर असे कल्पित आज्ञासंच बाळगणारी यंत्रे येथील अभियंत्यांच्या हाताखाली होती. त्याच परिसरातील महाविद्यालयांत ही कल्पना नंतर सर्वस्वी नवी म्हणून शिकविली जावी, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

निष्कर्ष

बाइटकोड हा एका भाषेचा गुणविशेष नसून यंत्रांच्या विविधतेवर शोधलेले उत्तर आहे. 2019 मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या वेबअसेंब्लीतही चळतयंत्रच आहे, म्हणजे हे उत्तर अजून कालबाह्य झालेले नाही. मात्र या इतिहासाचे साक्षीदार काळाच्या पडद्याआड जात आहेत. टाटा कन्सल्टन्सीचे फकीरचंद कोहली 2020 मध्ये, तर विर्थ 2024 मध्ये निवर्तले. जुन्या यंत्रांच्या पुस्तिका रद्दीत जातात आणि निवृत्त अभियंत्यांच्या आठवणी लिहून घेतल्या जात नाहीत. इतिहास आणि संगणकशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असूनही त्यांच्यात संवाद क्वचितच घडतो. उपनगरांतील महाविद्यालयांनी मौखिक इतिहासाचा एखादा संयुक्त प्रकल्प हाती घेतला, तर ही उणीव काही अंशी भरून निघेल. तसे न झाल्यास आपले विद्यार्थी आज्ञा शिकतील; परंतु त्या आज्ञांच्या टिपणावर पहिले नाव कोणाचे होते, हे त्यांना कोणीही सांगणार नाही.