डेटाबेस स्थलांतरानंतरची प्रतिमा-पडताळणी

डेटाबेस स्थलांतरानंतरची प्रतिमा-पडताळणी म्हणजे एका डेटाबेसमधून दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवलेली छायाचित्रे, स्वाक्षऱ्या किंवा स्कॅन केलेली कागदपत्रे मूळ रूपातच पोहोचली आहेत का, हे तपासण्याची प्रक्रिया होय. अशा प्रतिमा द्विमान (बायनरी) स्वरूपात, म्हणजे बाइटांची सलग मालिका म्हणून साठवलेल्या असतात. त्यांतील बिघाड प्रतिमा उघडेपर्यंत लक्षात येत नाही. तोपर्यंत जुना डेटाबेस काढून टाकला असेल आणि त्याची प्रत ठेवलेली नसेल, तर मूळ प्रतिमा कायमची गमावली जाते.

बिघाडाची कारणे

मायएसक्यूएलमधील 'ब्लॉब' या प्रकारात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात. काटेकोर पद्धत (स्ट्रिक्ट मोड) बंद असल्यास त्याहून मोठी प्रतिमा केवळ इशारा देऊन छाटली जाते. अशा वेळी 'मीडियमब्लॉब' किंवा 'लाँगब्लॉब' वापरणे आवश्यक ठरते. द्विमान विदा मजकूर समजून यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित केल्यास अवैध बाइटांच्या जागी पर्यायी चिन्ह येते आणि मूळ बाइट नष्ट होतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या 'ओएलई ऑब्जेक्ट' रकान्यात प्रतिमेपूर्वी अतिरिक्त शीर्षमाहिती असू शकते. ती न काढल्यास इतरत्र प्रतिमा उघडत नाही.

पडताळणीच्या पायऱ्या

१. संख्या व लांबी: दोन्हीकडील नोंदींची संख्या, रिकाम्या नोंदी आणि प्रत्येक प्रतिमेची बाइटांमधील लांबी यांची तुलना करतात.

२. आरंभीचे बाइट: षोडशमान पद्धतीत जेपीईजी प्रतिमा 'एफएफ डी८' ने, तर पीएनजी प्रतिमा '८९ ५० ४ई ४७' ने सुरू होते.

३. हॅश मूल्य: दोन्हीकडील मूळ बाइटांवर एसएचए-२५६ सारखे हॅश फलन चालवून मूल्ये जुळवतात. एकही बाइट बदलला असल्यास मूल्य वेगळे येते. एका बाजूला मूळ बाइट आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे षोडशमान मजकूररूप घेतल्यास निर्दोष प्रतिमाही सदोष ठरते.

४. प्रत्यक्ष पाहणी: निवडक प्रतिमा फाइलरूपात काढून उघडतात. प्रतिमा योग्य नोंदीशी जोडलेली आहे का, हेही याच पायरीत कळते.

मर्यादा

केवळ पाहणी पुरेशी नसते. शेवटचा भाग छाटलेली जेपीईजी प्रतिमाही अनेकदा उघडते. तिचा वरचा भाग स्पष्ट दिसतो आणि खालचा करडा राहतो. पीएनजीच्या प्रत्येक खंडात सीआरसी-३२ हे तपासणी मूल्य असते. सर्वसाधारण जेपीईजीमध्ये तशी सोय नसते. दुसरीकडे, हॅश जुळल्याने प्रत अचूक असल्याचे सिद्ध होते, परंतु मूळ प्रतिमा निर्दोष होती असे ठरत नाही. म्हणून दोन्ही तपासण्या पूर्ण होईपर्यंत जुना डेटाबेस जतन करणे हितावह असते.